मराठीतला ‘की’ इंग्रजीत नेताना

“द रूम इज रेडी”, “द फेरी इज लेट” अशी सुटी वाक्यं गोव्यात कोणालाही जमतात. हॉटेलात, टॅक्सीत, बाजारात रोज वापरून ती तोंडात बसलेली असतात. अडतं ते एका वाक्याच्या पोटात दुसरं वाक्य घालताना: कोण काय म्हणालं, कोणाला काय वाटतं, कोणाला काय करायला सांगायचंय. ही चार मराठी वाक्यं पाहा.

मला वाटतं की तो येईल.
त्याला सांगितलं की लवकर ये.
तिने विचारलं की बस कधी सुटते.
माझी इच्छा आहे की तुम्ही जेवून जावं.

चारही ठिकाणी सांधा एकच, ‘की’. इंग्रजीत मात्र चौघांची तऱ्हा वेगळी: “आय थिंक दॅट ही विल कम.” “आय टोल्ड हिम टू कम अर्ली.” “शी आस्क्ड व्हेन द बस लीव्ह्ज.” “आय वॉन्ट यू टू ईट बिफोर यू गो.” चारांत ‘दॅट’ एकदाच आलं. ‘की म्हणजे दॅट’ हे शाळेत पाठ झालेलं समीकरण इथेच दगा देतं.

मराठी व्याकरणात याला मिश्र वाक्य म्हणतात: एक प्रधान, दुसरं गौण. मराठीत ‘की’ कुठल्याही क्रियापदामागे निमूट उभा राहतो. इंग्रजीत मागून काय येणार हे प्रधान वाक्यातलं क्रियापद ठरवतं, आणि प्रत्येक क्रियापदाची आवड ठरलेली असते. म्हणून तपासण्या दोन करायच्या. पहिली मराठीत, दुसरी इंग्रजीत.

पहिली तपासणी: ‘की’नंतरचं क्रियापद

‘की’च्या पुढचं मराठी वाक्य सुटं करा आणि त्याचा शेवट बघा.

‘येईल, आला, येतो, बंद आहे’ असा शेवट असेल तर ती नुसती माहिती आहे. इंग्रजीत ‘दॅट’ येणार, किंवा काहीच न लावता वाक्य जोडलं जाणार.

वाक्यात ‘का, कधी, कुठे, किती, कोण’ असेल तर पोटात प्रश्न आहे. तिथे ‘दॅट’ला मज्जाव. ‘इफ’, ‘व्हेदर’ किंवा प्रश्नाचा शब्दच सांधा होतो.

‘ये, येऊ नकोस, यावं’ असा शेवट असेल तर ती आज्ञा, विनंती किंवा इच्छा आहे. बहुतेक वेळा माणूस आधी आणि मग ‘टू’ लावलेलं क्रियापद.

ही चाचणी करायला दोन सेकंद लागतात आणि बऱ्याचशा चुका तिथेच गळतात. उरलेल्या चुका दुसऱ्या तपासणीत, म्हणजे इंग्रजी क्रियापदाला मागून काय आवडतं ते बघताना सापडतात, कारण काही इंग्रजी क्रियापदं या नियमाला जुमानत नाहीत.

माहिती असेल तर

‘थिंक, नो, से, होप, हिअर, फील, नोटिस’ यांच्यामागे ‘दॅट’ येतं आणि बोलताना सर्रास गळतं. “आय थिंक ही इज इन म्हापसा” हे पूर्ण, शुद्ध वाक्य आहे. उलट ‘कम्प्लेन, रिप्लाय, एक्स्प्लेन’ यांच्यामागे ते ठेवलेलं बरं: “द गेस्ट कम्प्लेन्ड दॅट द फॅन वॉज नॉइझी.” ‘दॅट’च्या आधी स्वल्पविराम द्यायचा नाही, मराठीत ‘की’च्या मागेपुढे देतात म्हणून हात आपोआप तिकडे जातो.

एका ठिकाणी ‘दॅट’ गाळलं तर घोळ होतो. “द मॅनेजर सेड ऑन मंडे द रूम वॉज फुल.” मॅनेजर सोमवारी बोलला की खोली सोमवारी भरलेली होती? “सेड ऑन मंडे दॅट द रूम वॉज फुल” म्हटलं तर तो सोमवारी बोलला, “सेड दॅट ऑन मंडे द रूम वॉज फुल” म्हटलं तर खोली सोमवारी भरलेली. क्रियापद आणि गौण वाक्य यांच्यामध्ये वार, वेळ किंवा जागा आली की ‘दॅट’ लिहाच.

आता ‘से’ आणि ‘टेल’. मराठीत ‘सांगितलं’ला माणूस लागतोच असं नाही. ‘त्याने सांगितलं की फेरीबोट बंद आहे’ हे आपल्याला पुरं वाटतं. ‘टेल’ला मात्र कोणाला सांगितलं हे लगेच हवं असतं. “ही टोल्ड दॅट द फेरी इज क्लोज्ड” लंगडं. “ही टोल्ड मी दॅट द फेरी वॉज क्लोज्ड” बरोबर. ऐकणारा सांगायचा नसेल तर ‘से’ घ्या: “ही सेड द फेरी वॉज क्लोज्ड.”

‘टेल’च्या पंगतीतली क्रियापदं अशी: ‘इन्फॉर्म, रिमाइंड, अशुअर, कन्व्हिन्स’. या सगळ्यांना माणूस लगेच मागे हवा, मध्ये ‘टू’ नको. “प्लीज इन्फॉर्म दॅट द पेमेंट इज डन” या वाक्यात कोणाला कळवायचं तेच नाही. ‘वॉर्न’ही बहुधा याच पंगतीत बसतं: “आय वॉर्न्ड देम दॅट द जीप्स टू दूधसागर डोन्ट रन इन द मॉन्सून.”

दुसऱ्या पंगतीत ‘एक्स्प्लेन, मेन्शन, सजेस्ट, कम्प्लेन, अॅडमिट’. इथे माणूस सांगायचाच असेल तर आधी ‘टू’ लागतं. “एक्स्प्लेन मी” ही चूक आपल्याकडे इतकी रुळली आहे की कानाला खटकतही नाही. ‘मला समजाव’चं ते सरळ भाषांतर. बरोबर रूप: “एक्स्प्लेन टू मी हाऊ द मीटर वर्क्स”, किंवा नुसतं “एक्स्प्लेन हाऊ द मीटर वर्क्स”.

एक सापळा अर्थाचा आहे. ‘मला संशय आहे की त्यानेच किल्ली नेली’ हे बरेच जण “आय डाउट दॅट ही टुक द की” असं सांगतात. इंग्रजीत याचा अर्थ नेमका उलटा: त्याने किल्ली नेली असेल असं मला वाटत नाही. आपण ज्याच्याकडे बोट दाखवतोय त्याला या वाक्याने निर्दोष ठरवून मोकळं केलं. आपल्याला हवं ते क्रियापद ‘सस्पेक्ट’: “आय सस्पेक्ट दॅट ही टुक द की.” (किल्लीला इंग्रजीत ‘की’च म्हणतात, तेव्हा हे वाक्य मराठी कानाने ऐकू नये.)

पोटात प्रश्न असेल तर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि शिकलेल्या माणसांकडूनही होतात. कारण असं की मराठीत प्रश्न विचारताना शब्दांची जागा बदलत नाही. ‘बस कधी सुटते?’ आणि ‘बस कधी सुटते ते मला माहीत आहे’, दोन्हीत ‘बस कधी सुटते’ जसंच्या तसं. इंग्रजी प्रश्नात क्रियापद पुढे उडी मारतं. ती उडी आपण शाळेत घोकून घोकून शिकतो. पण तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की उडी रद्द होते, आणि हे कोणी तितकं घोकून घेत नाही.

सुटा प्रश्न: “व्हेअर इज द जेट्टी?”
पोटातला: “डू यू नो व्हेअर द जेट्टी इज?”

सुटा प्रश्न: “व्हेन डज द लास्ट कदंब बस लीव्ह?”
पोटातला: “आय डोन्ट नो व्हेन द लास्ट कदंब बस लीव्ह्ज.”

दुसऱ्या जोडीत ‘डज’ नाहीसं झालं आणि त्याचा ‘स’ मुख्य क्रियापदाला चिकटून ‘लीव्ह्ज’ झालं. ‘डिड’ गेलं तर भूतकाळ असाच मुख्य क्रियापदावर येतो: “व्हॉट डिड ही से?” चं “आय डिडन्ट हिअर व्हॉट ही सेड.” करायची कृती तीन पायऱ्यांची. आधी सुटा प्रश्न मनात बनवा. मग ‘डू, डज, डिड’ असेल तर काढून त्याचा काळ मुख्य क्रियापदाला द्या. ‘इज, आर, विल, कॅन’ असेल तर ते कर्त्याच्या मागे सरकवा. शेवटी प्रधान वाक्य समोर जोडा. संपूर्ण वाक्य प्रश्न नसेल तर प्रश्नचिन्हही जातं. “आय डोन्ट नो व्हेअर ही इज” पुढे पूर्णविराम येतो.

जिथे प्रश्नाचा शब्दच कर्ता असतो तिथे काही हलवायचं नसतं. “हू इज कमिंग?” चं “आय नो हू इज कमिंग.” इथे उगाच “हू कमिंग इज” करू नका.

‘का’वाल्या प्रश्नाला इंग्रजीत ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’. ‘तिने विचारलं की खोली आहे का’ हे “शी आस्क्ड इफ देअर वॉज अ रूम”. मराठीत ‘की’ आणि ‘का’ दोन्ही असल्यामुळे “आस्क्ड दॅट इफ देअर इज अ रूम” असं दुहेरी कुलूप लागतं. एकच लावायचं. प्रश्नाच्या शब्दाचंही तसंच: “आस्क्ड दॅट व्हेअर” कधीही नाही.

‘इफ’ आणि ‘व्हेदर’ बोलताना बहुतेक ठिकाणी अदलाबदलीने चालतात. ‘व्हेदर’च हवं अशा जागा मोजक्या: ‘टू’ लावलेल्या क्रियापदाच्या आधी, “आय डोन्ट नो व्हेदर टू वेट”, ‘अबाउट’सारख्या शब्दानंतर, “वी टॉक्ड अबाउट व्हेदर वी कुड स्टे टिल चवथ”, आणि वाक्याची सुरुवातच त्याने होत असेल तेव्हा. दोन पर्याय समोरासमोर असले तरी ‘व्हेदर’ जास्त शोभतं. गोव्यात दोन विमानतळ झाल्यापासून त्याचा सराव आपोआप होतो: “प्लीज चेक व्हेदर युअर फ्लाइट लँड्स ॲट दाबोळी ऑर मोपा.”

“डू यू नो व्हेअर इज द जेट्टी?” असं भारतात सगळीकडे ऐकू येतं आणि समोरच्याला कळतंही. बाजारात त्याने काही बिघडत नाही. परीक्षेत, बोटीवरच्या नोकरीच्या मुलाखतीत किंवा लेखी पत्रात मात्र ती सरळ चूक धरली जाते, म्हणून लिहिताना तरी ही सवय मोडावी.

आज्ञा, विनंती, इच्छा असेल तर

‘वॉन्ट, आस्क, टेल, रिक्वेस्ट, अलाउ, एक्स्पेक्ट, अॅडवाइज’: आधी क्रियापद, मग माणूस, मग ‘टू’. “आय वॉन्ट दॅट यू कम” हे इंग्रजी नव्हे. “आय वॉन्ट यू टू कम”. पंचायतीला अर्ज लिहिताना ‘आपणास विनंती की’ हे डोक्यात असतं आणि कागदावर “आय रिक्वेस्ट यू दॅट” उतरतं. लिहायचं असं: “आय रिक्वेस्ट यू टू रिपेअर द स्ट्रीट लाइट नीअर द टेम्पल.”

नकार असेल तर ‘नॉट’ हे ‘टू’च्या आधी: “आय टोल्ड द ड्रायव्हर नॉट टू पार्क हिअर.” इथे ‘डोन्ट’ घुसवायचं नाही.

‘लेट’ आणि ‘मेक’ यांना ‘टू’ चालत नाही. “लेट मी नो”, “दे मेड अस वेट.” पण तेच ‘मेक’ कर्मणी झालं की ‘टू’ परत येतं: “वी वेअर मेड टू वेट.” ‘हेल्प’ला दोन्ही चालतात.

या घरातला बंडखोर म्हणजे ‘सजेस्ट’. मराठीत ‘मी सुचवतो की तुम्ही फेरीबोटीने जावं’. शेवट ‘जावं’ आहे, म्हणजे पहिल्या तपासणीनुसार ‘टू’ यायला हवं, आणि म्हणूनच सगळे “आय सजेस्ट यू टू टेक द फेरी” म्हणतात. ‘सजेस्ट’ला माणूस आणि ‘टू’ ही जोडी वर्ज्य आहे. त्याला दोनच रूपं आवडतात: “आय सजेस्ट दॅट यू टेक द फेरी” किंवा “आय सजेस्ट टेकिंग द फेरी”. कर्ता ‘ही’ किंवा ‘शी’ असला तरी अमेरिकन इंग्रजीत “आय सजेस्ट दॅट ही टेक द फेरी” असंच मूळ रूप राहतं, ‘टेक्स’ होत नाही. ब्रिटिश इंग्रजीत “दॅट ही शुड टेक” हेही भरपूर चालतं. ‘इन्सिस्ट’ आणि ‘डिमांड’ यांच्यामागेही हाच ‘दॅट’वाला साचा लागतो. ‘टू’च हवं असेल तर क्रियापद बदला: “आय अॅडवाइज यू टू टेक द फेरी.”

‘होप’ आणि ‘विश’ यांचीही गल्लत होते, कारण मराठीत दोघांनाही ‘इच्छा’ म्हणता येतं. जे अजून घडू शकतं त्याला ‘होप’: “आय होप यू गेट वेल सून.” जे हातचं गेलंय किंवा सध्या खरं नाही त्याला ‘विश’, आणि मागचं क्रियापद एक पायरी भूतकाळात: “आय विश वी हॅड अ बिगर रूम.” मराठीत ‘असती तर बरं झालं असतं’ असं म्हणावंसं वाटलं की ‘विश’. “आय विश यू विल गेट वेल” हे दोघांच्या मधेच लोंबकळतं.

ज्यांच्यामागे ‘-इंग’ रूप येतं अशा रोजच्या क्रियापदांची यादी छोटी आहे, ती पाठच करावी: ‘एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, कीप, लुक फॉरवर्ड टू’. शेवटच्यात ‘टू’ दिसतं म्हणून “लुक फॉरवर्ड टू मीट यू” लिहिलं जातं; हवं “टू मीटिंग यू”. “वुड यू माइंड वेटिंग?” असं पाहुण्याने विचारलं आणि थांबायला हरकत नसेल तर उत्तर “नॉट ॲट ऑल”. “येस” म्हटलं तर आपण तक्रार केल्यासारखं होतं. ‘स्टॉप’ आणि ‘रिमेंबर’ दोन्ही रूपं घेतात, पण अर्थ बदलतो. “ही स्टॉप्ड टू स्मोक” म्हणजे विडी ओढायला थांबला. “ही स्टॉप्ड स्मोकिंग” म्हणजे विडी सोडली.

दुसऱ्याचं बोलणं सांगताना ‘मी’ कोण?

‘शेजारी म्हणाला की मी उद्या कुलूप बदलतो.’ मराठीत इथला ‘मी’ शेजारी आहे. ‘की’ मूळ बोलणं जसंच्या तसं धरून ठेवू शकतो. कोकणीतही तेच: ‘हांव फाल्यां येतां म्हण ताणें सांगलें’ यातला ‘हांव’ म्हणजे येणारा माणूस, त्याचा निरोप पोचवणारा नव्हे. इंग्रजीत “द नेबर सेड दॅट आय विल चेंज द लॉक” म्हटलं की ‘आय’ म्हणजे आपण. पाहुणा आपलीच वाट बघत बसणार. सर्वनाम निरोप पोचवणाऱ्याच्या बाजूने फिरवायचं: “द नेबर सेड ही वुड चेंज द लॉक.”

सर्वनामाबरोबर काळही सरकतो. प्रधान क्रियापद भूतकाळी असेल तर ‘इज’चं ‘वॉज’, ‘विल’चं ‘वुड’, ‘कॅन’चं ‘कुड’, ‘हॅज कम’चं ‘हॅड कम’. गोष्ट अजूनही खरी असेल तर न सरकवलं तरी चालतं: “शी सेड द मार्केट इन म्हापसा इज ऑन फ्रायडेज.” ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’ तेव्हाच करायचं, जेव्हा तो उद्या उलटून गेलेला असतो, सकाळचं बोलणं दुपारी सांगताना ‘टुमॉरो’ तसंच राहतं. हे सगळं सांभाळायचा कंटाळा असेल तर व्हॉट्सॲपवर एक सोपी वाट आहे: ‘सेड’ऐवजी ‘सेज’ लिहा. “ही सेज ही विल कम ॲट फाइव्ह.” प्रधान क्रियापद वर्तमानात असल्यामुळे काळ हलवावा लागत नाही, फक्त सर्वनाम सांभाळायचं.

जाता जाता, मोटरसायकलवाल्या ‘पायलट’चं बोलणं परदेशी पाहुण्याला सांगताना “द पायलट सेड ही वुड बी लेट” असं लिहू नका. व्याकरण बिनचूक आहे, पण पाहुणा विमानाचा पायलट समजेल. ‘मोटरसायकल टॅक्सी ड्रायव्हर’ लिहा.

नकाराची जागाही बघावी. ‘मला वाटतं तो येणार नाही’ आणि ‘तो येईल असं मला वाटत नाही’, मराठीत दोन्ही सहज. इंग्रजीत ‘थिंक’बरोबर नकार पुढे ओढतात: “आय डोन्ट थिंक ही विल कम.” ‘होप’बरोबर मात्र ओढायचा नाही: “आय होप इट डझन्ट रेन.” त्रोटक उत्तरंही त्याच चालीची: “आय डोन्ट थिंक सो”, पण “आय होप नॉट”.

वही आणि शब्दकोश

क्रियापदाचा नुसता अर्थ लिहून ठेवण्यात काही हशील नाही. त्याचा साचाही लिहा. वहीच्या एका ओळीत एक क्रियापद आणि आपल्या कामातलं एक खरं वाक्य, एवढंच. तीसेक क्रियापदांनी रोजचा बराचसा व्यवहार भागतो. साचा शोधायला शिकणाऱ्यांसाठी बनवलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश घ्या. इंग्रजी-मराठी कोश बहुतेक वेळा फक्त अर्थ देतात. कोशात साचा देण्याची पद्धत जुनी आहे. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर केलेला कोश तोक्योत १९४२ साली निघाला, आणि त्यात क्रियापदांचे २५ साचे ठरवून प्रत्येक क्रियापदापुढे त्याच्या साच्याची खूण दिली होती. जपानी विद्यार्थ्यांची अडचण आपल्यासारखीच होती: शब्द माहीत, मागून काय येतं ते माहीत नाही. आजच्या कोशांत आकड्यांऐवजी ‘टेल समबडी दॅट’, ‘सजेस्ट डुइंग समथिंग’ अशी सरळ मांडणी असते.

आता एक नेहमीच्या धाटणीचा निरोप दुरुस्त करू.

“सर, ड्रायव्हर टोल्ड दॅट आय विल रीच बाय सिक्स. ही इज आस्किंग दॅट व्हिच एअरपोर्ट आर यू लँडिंग ॲट. आय सजेस्ट यू टू टेक द अर्ली फ्लाइट. प्लीज इन्फॉर्म इफ यू वॉन्ट दॅट वी कीप डिनर.”

पहिल्या वाक्यात ‘टोल्ड’ला माणूस नाही आणि ‘आय’ चुकीच्या माणसाकडे बोट दाखवतो: “द ड्रायव्हर सेज ही विल रीच बाय सिक्स.” दुसऱ्यात ‘दॅट’ जादा आणि ‘आर’ जागेवरून उडालेलं: “ही इज आस्किंग व्हिच एअरपोर्ट यू आर लँडिंग ॲट.” तिसऱ्यात फक्त ‘टू’ काढा: “आय सजेस्ट यू टेक द अर्ली फ्लाइट.” चौथ्यात ‘इन्फॉर्म’ला माणूस हवा आणि ‘वॉन्ट’ला ‘दॅट’ नको, शिवाय ‘इन्फॉर्म’ सरकारी वाटतं, म्हणून ते बदलूनच टाकलेलं बरं: “प्लीज लेट मी नो इफ यू वॉन्ट अस टू कीप डिनर.”